पासपोर्ट हरवला तर: ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून नव्या पासपोर्टपर्यंत

हरवलेल्या पासपोर्टची फाइल अडते ती सहसा कागद कमी पडला म्हणून नाही. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच लिहिलेलं असतं, म्हणून अडते. पोलिसांच्या दाखल्यावर ‘प्रवासात गहाळ’, प्रतिज्ञापत्रात ‘घर बदलताना हरवला’, ऑनलाइन अर्जात तारीख तिसरीच, आणि काउंटरवर विचारलं की ‘बहुतेक चोरीलाच गेला असावा’. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. माणूस घाबरलेला असतो आणि दर वेळी जसं आठवेल तसं सांगतो. पण समोरच्या अधिकाऱ्याला तुमची घालमेल दिसत नाही, त्याला चार कागदांवरच्या चार गोष्टी दिसतात.

म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी घरी बसून एका कोऱ्या कागदावर लिहून काढावं: पासपोर्ट शेवटचा हातात कधी होता, तेव्हा आपण कुठे होतो, तो नाही हे कधी लक्षात आलं, सोबत आणखी काय गेलं, आणि आपल्या प्रामाणिक समजुतीनुसार तो गहाळ झाला की चोरीला गेला. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान’ असं लिहायला काही हरकत नाही. अंदाजाने एक तारीख ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. हा कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर समोर ठेवायचा आणि त्यातलेच शब्द वापरायचे.

त्याच्याही आधी, भारतात आणि घरी असाल तर, एक-दोन दिवस नीट शोधा. हे आग्रहाने सांगायचं कारण असं की हरवल्याची नोंद करून नवा पासपोर्ट मागितला की जुना रद्द होतो, आणि तो नंतर सापडला तरी पुन्हा जिवंत होत नाही. पासपोर्ट सापडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: झेरॉक्सच्या दुकानात मशीनच्या झाकणाखाली, काचेवर, ट्रॅव्हल एजंटाच्या फाइलमध्ये, कंपनीच्या एचआरकडे, बँकेच्या लॉकरमध्ये, सुटकेसच्या अस्तरातल्या चेनच्या कप्प्यात, हॉटेलच्या रिसेप्शनवर. झेरॉक्सच्या दुकानात तर सगळ्यात आधी जावं. मूळ प्रत काचेवर आणि झेरॉक्स हातात घेऊन घरी येणारे पुष्कळ असतात. परदेशात मात्र असं थांबू नये. तिथे लक्षात आल्या दिवशीच हालचाल करायची.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. पावसात भिजलेला, वाळवीने खाल्लेला किंवा मुलाने फाडलेला पासपोर्ट हा हरवलेला नसतो, तो खराब झालेला असतो. त्याचा प्रकार वेगळा आणि तो घेऊनच पासपोर्ट सेवा केंद्रावर जावं लागतं. नंबर वाचता येतो, नाव कळतं आणि फोटो शाबूत आहे, तर तो अंशतः खराब धरतात. लाज वाटते म्हणून असा पासपोर्ट ‘हरवला’ असं लिहून देऊ नये. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एजंटाने किंवा मालकाने पैशांसाठी दाबून ठेवलेला पासपोर्टही हरवलेला नसतो. तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. एजंटाची तर नाहीच, कायद्याच्या भाषेत तुमचीही नाही. अशा वेळी नाव घेऊन तक्रार द्यायची. ‘हरवला’ म्हणून नवा काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याच कायद्याच्या कलम १२ खाली पासपोर्ट मिळवण्यासाठी खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं हा दोन वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकेल असा गुन्हा आहे.

आता पोलीस ठाणं. जिथे हरवला त्या हद्दीतल्या ठाण्यात जायचं. कुठे हरवला हेच सांगता येत नसेल तर राहत्या हद्दीतल्या. रेल्वेत चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलीस. गाडी चालू असताना लक्षात आलं तर टीटीईकडे (तिकीट तपासनीसाकडे) किंवा रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर सांगून तक्रारीची नोंद लगेच करून घ्यावी. घरी पोहोचल्यावर करू म्हणून सोडलं की ‘नक्की कोणत्या स्टेशनांच्या दरम्यान’ हा प्रश्न सुटत नाही. आत गेल्यावर गाठायचा माणूस म्हणजे ठाणे अंमलदार, म्हणजे ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणारा पोलीस. पासपोर्ट गहाळ झाला असेल तर तो स्टेशन डायरीत नोंद घेऊन गहाळ झाल्याचा दाखला देतो. चोरीला गेला असेल तर एफआयआर व्हायला हवा. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं आणि एफआयआरची नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते. त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, आणि घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी नोंद घेऊन ती तिकडे पाठवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. लोक त्याला झीरो एफआयआर म्हणतात.

टेबलावर अनेकदा मोकळेपणाने सुचवलं जातं, ‘चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, दाखला आत्ताच्या आत्ता मिळेल.’ पर्स धक्काबुक्कीत कुठे पडली हे खरोखर कळत नसेल तर गहाळच लिहावं. पण बॅगेचा पट्टा कापलेला आहे, गाडीची काच फोडलेली आहे, तर चोरीच लिहायला लावावी, थोडा वेळ गेला तरी चालेल. उद्या त्या पासपोर्टवर कुणी सिमकार्ड घेतलं किंवा कुठे खोली घेतली, तर तारीख-वेळेसह दिलेली चोरीची तक्रार हाच तुमच्या बाजूचा कागद असतो. उलटही तितकंच खरं: फक्त एफआयआर हाताशी असावा म्हणून न झालेली चोरी रचू नये.

मुंबई, पुण्यासारख्या शहरांच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते. ती नोंद करावी, पण प्रिंट घेऊन ठाण्यात जाऊन त्यावर सही-शिक्का मिळतो का ते पाहावं. पासपोर्ट केंद्रावर मूळ पोलीस रिपोर्ट मागतात आणि शिक्क्याच्या कागदावर वाद होत नाही.

दाखला हातात आला की तिथेच, टेबलासमोर उभं राहून, वाचायचा. नुसता घडी घालून खिशात टाकायचा नाही. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का, शिक्का नीट उमटलाय का, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा वाचता येतो का, हे पाहायचं. सगळ्यात महत्त्वाचा पासपोर्ट नंबर. आपल्याकडचा दाखला मराठीत असतो आणि नंबर कधी कधी देवनागरीत उतरतो. पहिलं इंग्रजी अक्षर ‘झेड’ असं लिहिलेलं, पुढे घाईघाईने काढलेले अंक. हाताने काढलेला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. देवनागरी ५ वर सवयीने इंग्रजी वाचणाऱ्याची नजर गेली की तो त्याला चार वाटतो, आणि देवनागरी ७ सहा वाटतो. भारतीय पासपोर्टचा नंबर म्हणजे सहसा एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे सात अंक. तो पासपोर्टवर छापलाय तसाच, इंग्रजी अक्षर-अंकांत लिहून द्यायची विनंती करावी. कुणी नाही म्हणत नाही. नाव पासपोर्टमधल्या स्पेलिंगनुसार, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह. चूक सापडली तर खाडाखोड करून घेण्याऐवजी नवा कागद मागावा. खाडाखोड राहिलीच तर तिच्या शेजारी सही आणि शिक्का हवाच.

पण नंबरच माहीत नसेल तर? झेरॉक्स नाही, फोटो नाही, अशी अवस्था फार जणांची असते. नंबर मात्र इतर ठिकाणी बऱ्याचदा लिहिलेला असतो: जुनं आंतरराष्ट्रीय विमानाचं तिकीट, विमान कंपनीच्या खात्यातलं प्रोफाइल, ई-व्हिसाची मेल, प्रवास विम्याची पॉलिसी, बँकेतले एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचे कागद, नोकरीत रुजू होताना भरलेला फॉर्म. त्याआधीचा, कोपरा कापून रद्द केलेला जुना पासपोर्ट घरात असेल तर त्यावरून पासपोर्ट कार्यालयाला तुमची नोंद शोधता येते. आणि अर्ज स्वतः ऑनलाइन भरला असेल तर पासपोर्ट सेवेच्या त्याच खात्यात लॉगिन करा. आधीचा अर्ज आणि त्याचा फाइल नंबर तिथे दिसतो. हा फाइल नंबर पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्त्याखाली छापलेला असतो. म्हणून फोटो काढून ठेवताना लोक फक्त चेहऱ्याचं पान काढतात ते अपुरं आहे. पहिली दोन आणि शेवटची दोन पानं हवीत, आणि केंद्रही जुन्या पासपोर्टची प्रत मागताना हीच पानं मागतं.

पाकिटासकट सगळंच गेलं असेल तर क्रम चुकवू नका. आधी बँकेची कार्डं बंद, मग लगेच सिमकार्ड. कारण ई-आधार डाउनलोड करायला ओटीपी लागतो, ओटीपीला सिम लागतं, आणि नवं सिम सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे पत्त्याचा पुरावा हातात यायला तसाही एक दिवस जातो. तेवढ्यात पोलिसांचं काम उरकून घ्यायचं.

अर्ज फक्त सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर किंवा एम-पासपोर्ट सेवा ॲपवर भरायचा. संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. शोधताना वर दिसणारी, जादा पैसे घेणारी हुबेहूब पानं टाळा. प्रकार निवडायचा तो ‘री-इश्यू’, आणि कारण ‘लॉस्ट’. इथे पहिली मोठी चूक होते: जुना पासपोर्ट हातात नाही म्हणून काही जण ‘फ्रेश’ निवडतात. फ्रेश म्हणजे ‘मला कधीच पासपोर्ट नव्हता’. यंत्रणेत नाव आणि जन्मतारीख जुळली की जुना पासपोर्ट समोर येतो आणि माहिती लपवल्याचा प्रश्न उभा राहतो. मुदत संपलेला पासपोर्ट हरवला असेल तरीसुद्धा अर्ज री-इश्यूचाच.

हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या पासपोर्टच्या बदल्यात ३६ पानांच्या पासपोर्टला ३,००० रुपये आणि ६० पानांच्या पासपोर्टला ३,५०० रुपये शुल्क आहे. मुदत संपल्यावर नेहमीच्या नूतनीकरणाला ३६ पानांसाठी १,५०० लागतात, म्हणजे हरवण्याची किंमत बरोबर दुप्पट. पासपोर्ट लवकर हवा म्हणून तत्काळमध्ये अर्ज केला तर त्याचे २,००० वेगळे. पण तत्काळ द्यायचा की नाही हे पासपोर्ट कार्यालय ठरवतं, आणि हरवल्याच्या प्रकरणात पोलीस पडताळणी आधी हवी असं अधिकाऱ्याला वाटलं तर तुमची घाई उपयोगी पडत नाही. एक चांगली बाब अशी की सज्ञान व्यक्तीला नवा पासपोर्ट साधारणपणे पुन्हा पूर्ण दहा वर्षांचा मिळतो. जुन्याची उरलेली वर्षं मोजून दिली जात नाहीत.

कागदांत मुख्य तीन: मूळ पोलीस रिपोर्ट, ॲनेक्शर एफ, आणि पत्ता व जन्मतारखेचे पुरावे. ॲनेक्शर एफ म्हणजे पासपोर्ट कसा, कधी, कुठे हरवला, तक्रार कोणत्या ठाण्यात कधी दिली आणि याआधी किती पासपोर्ट हरवले, याचं प्रतिज्ञापत्र. डिसेंबर २०१६ च्या बदलानंतर ते साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतं. स्टॅम्प पेपर आणि नोटरी लागत नाही. कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्यांना त्यासाठी पैसे देऊ नका. ‘कसा हरवला’ याला दोन-तीन ओळी पुरतात. ‘दिनांक अमुक रोजी दादर ते कल्याण लोकल प्रवासात बॅगेतून पासपोर्ट गहाळ झाला. कल्याणला उतरल्यावर लक्षात आले. त्याच दिवशी तक्रार दिली.’ बस. यापलीकडे तर्क लिहायचे नाहीत. ‘याआधी किती हरवले’ इथे खरा आकडा लिहायचा. जुनी नोंद त्यांच्यासमोर असते.

चौथा एक कागद बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. ईसीआर म्हणजे ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा पासपोर्टवरचा शिक्का. जुन्या पासपोर्टवर तो नसला तरी हे दाखवायला पासपोर्टच हातात नाही. ईसीआरमधून सूट मिळण्याचा पुरावा, म्हणजे दहावी किंवा त्यापुढचं प्रमाणपत्र, नाहीतर आयकर भरल्याचे कागद, पुन्हा द्यावा लागू शकतो. नाही दिला तर नवा पासपोर्ट ईसीआरचा येऊ शकतो. रत्नागिरी, रायगडातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांना याची झळ बसते. सौदी, कुवेत, कतार, ओमानसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना ईसीआर पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नसतो.

महाराष्ट्रात प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत, गोव्यासाठी पणजीला. २०१७ पासून पोस्टातली पासपोर्ट केंद्रंही सुरू झाली आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या गावीही अपॉइंटमेंट मिळू शकते. तिथे अर्ज घेतात. निर्णय आणि छपाई मात्र प्रादेशिक कार्यालयाकडे.

केंद्रावर वेळेच्या १५ मिनिटं आधी पोहोचलं की पुरे. पहाटेपासून रांग लावायची गरज नाही. टोकन मिळतं आणि तीन काउंटर पार करायचे असतात. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. वेगळे फोटो न्यायची गरज नाही. इथे स्क्रीन तुमच्याकडे वळलेला असतो. त्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि जुन्या पासपोर्टचा नंबर अक्षर-अक्षर वाचा. दुरुस्ती इथे चुटकीसरशी होते, नंतर नवा अर्ज करावा लागतो. बी काउंटरवर सरकारी अधिकारी बसतो आणि हरवल्याच्या प्रकरणातली खरी चौकशी इथेच. मूळ पोलीस रिपोर्ट एका हातात, ॲनेक्शर एफ दुसऱ्या हातात, आणि प्रश्न अगदी साधे: कुठे हरवला? कधी? तेव्हा कुठला व्हिसा होता त्यावर? शेवटचा परदेश प्रवास कोणता? घरी लिहून काढलेल्या कागदाचा उपयोग इथे होतो. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. उत्तर देण्याच्या भरात नवी तारीख सांगू नका. सी काउंटरवर मंजुरीचा निर्णय होतो आणि बाहेर पडताना पोचपावती मिळते. तिच्यावर फाइल नंबर असतो आणि पोलीस पडताळणी आधी होणार, नंतर होणार की नाहीच, हेही कळतं.

‘ऑन होल्ड’ लिहून आलं तर खचून जाऊ नका. बहुतेक वेळा एखादा कागद हवा असतो. भरलेलं शुल्क एक वर्ष चालतं आणि त्याच अर्जावर पुन्हा वेळ घेता येते, पण मोजक्याच वेळा. म्हणून पुन्हा जाताना मागितलेला कागदच नव्हे, सगळी फाइल घेऊन जा.

वेळ जातो तो दोन ठिकाणी. एक, जुना पासपोर्ट दुसऱ्या शहरातल्या कार्यालयाने किंवा परदेशातल्या दूतावासाने दिलेला असेल, तर नोंद तिकडून पडताळावी लागते. हाताने लिहिलेल्या जुन्या पासपोर्टांची नोंद काढायला आणखी वेळ लागतो. दोन, पोलीस पडताळणी. हवालदार येतो तेव्हा घराला कुलूप असतं किंवा फोन लागत नाही, आणि अहवालात ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असं जातं. मग अर्जाच्या स्थितीत ‘ॲडव्हर्स’, म्हणजे प्रतिकूल अहवाल, हा शब्द वाचून लोक हादरतात. पण तो बहुतेकदा एवढ्यावरच आलेला असतो आणि कार्यालयाला खुलासा देऊन पडताळणी पुन्हा मागता येते. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार आणि सोसायटीचं पत्र तयार ठेवा, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

परदेशात हरवला तर पोलीसही परके आणि भाषाही परकी, म्हणून तिथे कागद अधिक सावधपणे हाताळावा लागतो. आधी स्थानिक पोलीस, मग भारतीय दूतावास किंवा वकिलात. युरोपात पर्यटकांना पोलीस जो कागद देतात तो त्यांच्या भाषेत असतो आणि आपण न वाचता सही करतो. इटलीत तक्रारीच्या कागदावर ‘स्मारिमेन्तो’ लिहिलं असेल तर हरवला, ‘फुर्तो’ लिहिलं असेल तर चोरी. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने तो कागद तिथेच वाचून घ्या, कारण दूतावासाच्या अर्जात तुम्ही ‘चोरी’ लिहिणार आणि जोडलेला कागद ‘हरवला’ सांगणार, असं इथेही होतं. विमा कंपनीही हाच कागद मागते. टॅक्सी, फोटो, दूतावासाचं शुल्क, सगळ्या पावत्या ठेवा.

दूतावासात दोन वाटा असतात. फिरायला गेलेल्या माणसाला लवकर परत यायचं असतं, त्याच्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट. हा फक्त भारतात परत येण्याचा, एकेरी प्रवासाचा कागद आहे. त्यावर सहलीचा उरलेला देश बघता येत नाही. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तिथेच राहणाऱ्याने नवा पासपोर्ट मागायचा. अमेरिकेसारख्या देशांत तो अर्ज दूतावासाने नेमलेल्या केंद्रामार्फत जातो आणि त्याला वेळ लागतो. दोन्हींत तुम्ही भारतीय आहात याची खात्री त्यांना करावी लागते. जुन्या पासपोर्टचा नंबर दिला की नोंद लगेच दिसते, नाहीतर चौकशी भारतात जाते. फोनमधला तो पासपोर्टचा फोटो इथे दिवस वाचवतो. दाद लागत नाही असं वाटलं तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल त्यासाठीच आहे.

इमर्जन्सी सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे लगेच विमानात बसलो असं नाही. प्रवेशाचा शिक्का जुन्या पासपोर्टवर होता. थायलंडमध्ये ती नोंद इमिग्रेशन कार्यालयातून नव्या कागदावर घ्यावी लागते. आखातात बाहेर पडण्याची परवानगी वेगळी काढावी लागते. शक्य तर थेट विमान घ्या. मध्ये दुसऱ्या देशात उतरणारं तिकीट असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा आणि या कागदाला मान्यता, दोन्ही प्रश्न उभे राहतात, आणि एअरलाइनचा कर्मचारी चेक-इनलाच थांबवतो.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनला हा कागद द्यावा लागतो. म्हणून विमानात बसण्याआधीच त्याच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढा. पुढे नव्या पासपोर्टच्या अर्जात ‘इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परत आला होता का’ असा प्रश्न असतो. त्यात कागदाचा नंबर, तारीख, कुठून दिला आणि कारण भरावं लागतं. नंबर नाही म्हणून ‘नाही’ भरणारे असतात, आणि नंतर तेच खोटी माहिती म्हणून अंगाशी येतं.

हरवलेल्या पासपोर्टसोबत व्हिसाही जातो. नव्या पासपोर्टवर तो आपोआप येत नाही. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल तर हरवल्याचं त्यांच्या दूतावासाला कळवावं लागतं; कळवल्यावर तो बाद होतो आणि पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. अमेरिकेत राहणाऱ्याला तिथे बसून व्हिसा बदलून मिळत नाही. तिथलं राहणं आय-९४ च्या, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या, नोंदीवर चालतं आणि ती संकेतस्थळावरून काढता येते, पण पुढच्या वेळी देशाबाहेर पडलं की नवा व्हिसा लागतो. शिवाय त्यांच्या व्हिसा अर्जात ‘तुमचा पासपोर्ट कधी हरवला किंवा चोरीला गेला होता का’ हा प्रश्न दर वेळी येतो. म्हणून पोलीस रिपोर्टची प्रत नवा पासपोर्ट आला की टाकून द्यायची नाही. ती वर्षानुवर्षं लागते.

नवा पासपोर्ट पोस्टाने, अर्जातल्या पत्त्यावर, अर्जदाराच्याच हातात दिला जातो. घर बंद सापडलं तर तो कार्यालयाकडे परत जातो. हातात आल्यावर नाव, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, पत्ता आणि ईसीआरची स्थिती लगेच पाहा. मुखपृष्ठावर चिपचं छोटं सोनेरी चिन्ह असेल तर तो ई-पासपोर्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये नागपूरसह काही कार्यालयांतून त्याची सुरुवात झाली. या चिपमुळे हरवलेला पासपोर्ट कुठे आहे ते शोधता येईल असं काही जणांना वाटतं. तसं नाही, ती जवळ धरलेल्या यंत्रालाच वाचता येते. बँक, विमान कंपन्यांची प्रोफाइलं, विद्यापीठ किंवा नोकरीचे कागद, सगळीकडे नवा नंबर कळवायचा असतो. जुन्या नंबरावर काढलेलं तिकीट असेल तर ते आधी.

आणि सहा महिन्यांनी कपाटाच्या मागून जुना पासपोर्ट निघालाच, तर तो प्रवासाला नेऊ नका, त्यावर व्हिसा शाबूत असला तरीही. रद्द झालेल्या पासपोर्टचा नंबर इथल्या इमिग्रेशनच्या यंत्रणेत असतो, आणि २००२ पासून इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरीला गेलेल्या प्रवासकागदांच्या यादीत देश असे नंबर देत आले आहेत. दुसऱ्या देशाच्या काउंटरवर तो स्कॅन झाला की तुमचाच पासपोर्ट असूनही बाजूच्या खोलीत तासन्‌तास खुलासा करत बसावं लागतं. तो पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि पोलीस दाखल्याची प्रत घेऊन पासपोर्ट कार्यालयात जा, सापडल्याचं लेखी कळवा, आणि कळवल्याची पोच घ्या.